अमावास्या अशुभ कधी झाली?

दिवाळी अंक वाचकाच्या हाती पडतो तो बहुधा अमावास्येच्या आगेमागे. आश्विन वद्य अमावास्येला आपण लक्ष्मीची पूजा करतो, व्यापारी नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, आणि त्या रात्री दारे उघडी ठेवून धनाची वाट पाहण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. हाच व्यापारी एरवीच्या अमावास्येला नवा सौदा करणार नाही, मुलीसाठी स्थळ पाहायला निघणार नाही, आणि घरातून कोणी लांबच्या प्रवासाला निघाले तर 'आज अवस आहे' एवढे दोन शब्द बोलून त्याला उद्यावर थांबवील. वर्षातल्या अकरा अमावास्या वाईट आणि बारावी तेवढी चांगली, हा हिशेब आपण इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की त्यातली विसंगती डोळ्यांना खुपतही नाही.

ही विसंगती मला मात्र बरीच वर्षे खुपत आली आहे. अमावास्या मुळातच अशुभ असेल तर लक्ष्मीने घरात पाऊल टाकण्यासाठी नेमकी तीच रात्र का निवडावी? आणि ती मुळात शुभ असेल तर तिचे हे असे कधीपासून झाले? ह्या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा जे हाती लागले ते येथे सांगावे असा विचार आहे.

प्रथम शब्दच पाहू. 'अमा' म्हणजे सोबत, एकत्र, घरी; 'वस्' म्हणजे राहणे. जी रात्र दोघे एकत्र घालवतात ती अमावास्या. दोघे म्हणजे सूर्य आणि चंद्र. 'अमावस्या' लिहावे की 'अमावास्या' असा वाद शाळामास्तरांत अधूनमधून होतो. त्यांना इतकेच सांगतो की पाणिनीने ह्या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र रचून दोन्ही रूपांना मोकळीक दिली आहे. पण महत्त्वाचे ते हे, की ह्या नावात काळोखाचा उल्लेखही नाही. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना चंद्र नाहीसा झाला असे वाटले नव्हते. तो कोणाच्या तरी घरी वस्तीला गेला आहे, असे त्यांना वाटले होते.

शतपथ ब्राह्मणात ह्याची एक कथा आहे. इंद्राने वृत्रावर वज्र फेकले खरे, पण वृत्र पडला की नाही ह्याची त्याला खात्री वाटेना. आपण दुबळे ठरलो अशा भीतीने तो दूर पळून जाऊन लपला. देव त्याला शोधू लागले. शेवटी अग्नीला तो सापडला आणि त्या रात्री अग्नी त्याच्यासोबत राहिला. आमचा वसू, आमचे धन, आज आमच्याबरोबर वस्तीला आहे, असे देवांना वाटले म्हणून त्या रात्रीचे नाव अमावास्या. हरवलेला धनी परत सापडण्याची ही रात्र आहे. त्याच ब्राह्मणात पुढे आणखी एक खुलासा येतो. चंद्र हा सोम, देवांचे अन्न. ज्या रात्री तो पूर्वेला दिसत नाही आणि पश्चिमेलाही दिसत नाही, त्या रात्री तो ह्या लोकात उतरतो आणि पाण्यात व वनस्पतींत शिरतो. गाई त्या वनस्पती खातात, ते पाणी पितात, आणि सोम दुधाच्या रूपाने परत मिळतो. म्हणून अमावास्येच्या इष्टीत इंद्राला दूध आणि दही एकत्र करून अर्पण करायचे. त्याला 'सांनाय्य' म्हणतात. आकाशातला चंद्र गोठ्यातल्या चरवीत येऊन पोचतो, अशी ही कल्पना आहे.

बृहदारण्यक उपनिषदाने हीच कल्पना आणखी पुढे नेली. संवत्सररूपी प्रजापतीच्या सोळा कला. पंधरा कला रात्रींच्या रूपाने वाढतात आणि झिजतात, सोळावी तेवढी अढळ. अमावास्येच्या रात्री तो त्या सोळाव्या कलेसह सर्व प्राण्यांत प्रवेश करतो आणि सकाळी पुन्हा जन्मतो. म्हणून त्या रात्री कोणत्याही जिवाचा प्राण घेऊ नये. उपनिषदकार आवर्जून सांगतो की सरड्याचासुद्धा घेऊ नये. पुढे विष्णुपुराणात अमावास्येला वेल तोडणाऱ्याला किंवा पान पाडणाऱ्याला ब्रह्महत्येचे पाप लागते असे सांगितले आहे, त्याच्या मागेही हाच विचार आहे. त्या दिवशी तुळस तोडायची नाही, झाडाला हात लावायचा नाही, असा दंडक आपल्याकडे अनेक घरांत पाळतात. पाळणाऱ्यांना वाटते की अमावास्या वाईट म्हणून झाडाला हात लावायचा नाही. मूळ कारण अगदी उलटे आहे: त्या रात्री झाडात सोम उतरलेला असतो.

अथर्ववेदाच्या सातव्या कांडात तर अमावास्येला उद्देशून एक सूक्तच आहे. तेथे ती देवी आहे, धन देणारी आहे, वीर पुत्र देणारी आहे. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येलाच का, ह्याचे थेट उत्तर ह्या सूक्तात आहे असे मी म्हणणार नाही. मध्ये फार मोठा काळ लोटला आहे. परंतु धन आणि अमावास्या ही जोडी दिवाळीच्या कितीतरी आधीची आहे एवढे त्यावरून निश्चित होते.

आता सिनीवाली आणि कुहू ह्या दोन बहिणींकडे वळू, कारण माझ्या मते सगळा इतिहास ह्या दोन नावांत साठवला आहे. अमावास्या दोन दिवसांवर पसरते. पहिल्या दिवशी पहाटे चंद्राची पुसट कोर कधी कधी दिसते, ती सिनीवाली. दुसऱ्या दिवशी काहीच दिसत नाही, ती कुहू. ऐतरेय ब्राह्मणाने हा भेद केला आहे आणि अमरकोशानेही तो जपला आहे. ऋग्वेदात सिनीवाली ही देवांची बहीण आहे, लेकुरवाळी आहे, आणि दहाव्या मंडलात तिच्याकडे मागणे आहे ते गर्भ स्थिर करण्याचे. हाच मंत्र गर्भाधानसंस्कारात म्हटला जातो. तैत्तिरीय संहितेत ज्याला संतती हवी त्याने धाता, अनुमती, राका, सिनीवाली आणि कुहू ह्यांना हवी द्यावा असे सांगितले आहे. म्हणजे दिसेनाशा चंद्राची जी सर्वांत काळी अवस्था, तीसुद्धा तेथे मूल देणारी आहे.

ह्या सिनीवालीचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी यज्ञाकडे थोडे पाहिले पाहिजे. दर्श आणि पूर्णमास ह्या दोन इष्टी म्हणजे श्रौतधर्माचा कणा. बाकीच्या इष्ट्यांचा साचा ह्यांच्यावरूनच घेतला जातो, म्हणून मीमांसक ह्यांना 'प्रकृती' म्हणतात. अध्वर्यू, ब्रह्मा, होता आणि आग्नीध्र असे चार ऋत्विज; अग्नीला आठ कपालांवर भाजलेला पुरोडाश; आणि दर महिन्याला, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत, न चुकता करायचे व्रत. पण ह्यात एक मोठी अडचण होती. पौर्णिमा डोळ्यांना दिसते. अमावास्या दिसत नाही. जी गोष्ट न दिसण्यानेच सिद्ध होते ती आजच आहे हे कालच कसे ओळखायचे? आदल्या दिवशी उपवास सुरू करायचा, वासरे गाईंपासून वेगळी करायची, दही विरजायचे, आणि पहाटे पूर्वेला पाहावे तो चंद्राची कोर उगवलेली! असे होत असले पाहिजे, आणि वारंवार होत असले पाहिजे. कारण वेदांनी त्याच्यासाठी वेगळी इष्टीच सांगून ठेवली आहे. तिचे नाव अभ्युदयेष्टी. घेतलेले तांदूळ तीन वाटण्यांत विभागायचे. मध्यम ते दात्या अग्नीला, मोठे ते प्रदात्या इंद्राला दह्यातून, आणि बारीक कणी ती शिपिविष्ट विष्णूला दुधातून. तिथी चुकली म्हणून यजमान पापी ठरत नाही की त्याच्यावर अरिष्ट येत नाही. हिशेब चुकला, तो निस्तरला, पुढे चालू. गणिताच्या चुकीविषयी इतका समंजस धर्म पुढच्या काळात फारसा आढळत नाही.

अमावास्येच्या दुपारी पितरांसाठी पिंडपितृयज्ञ करायचा, हाही त्याच व्यवस्थेचा भाग. शतपथात सांगितले आहे की प्रजापतीने देवांना यज्ञ हे अन्न आणि सूर्य हा प्रकाश दिला, आणि पितरांना दर महिन्याचे जेवण व चंद्र हा प्रकाश दिला. अमावास्येला भीतीची छाया ह्या पितरांमुळे पडली असे पुष्कळ लोक म्हणतात. त्यात थोडे तथ्य असेल. मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस लग्नाला कोणी निवडणार नाही. पण जुन्या ग्रंथांतले पितर भुते नव्हेत. ते घरचे वडील आहेत. त्यांना बोलवायचे, जेवू घालायचे, आणि जाताना त्यांच्याकडे संतती व संपत्ती मागायची. सर्वपित्रीला आपल्या घरी खीर-वड्यांचा स्वयंपाक होतो तेव्हाचे वातावरण आठवून पाहा. त्यात गांभीर्य असते, भय नसते. तेव्हा पितरांच्या माथी सगळे खापर फोडून चालणार नाही.

मग भय आले कोठून? माझे उत्तर असे आहे की ते पत्रिकेतून आले.

वेदांग ज्योतिषात भविष्य नाही. लगधाचा हा लहानसा ग्रंथ यज्ञाचा काळ ठरवण्यापुरता आहे. पाच वर्षांचे युग, त्यात १८३० दिवस, ६२ चांद्रमास, १२४ पर्वे. ह्या आकड्यांवर अमावास्या-पौर्णिमा काढायच्या. हे गणित स्थूल आहे. खऱ्या चंद्राला ६२ महिने पुरे करायला १८३० दिवस पुरत नाहीत, सुमारे साडेएकवीस तास जास्त लागतात. म्हणजे पाच वर्षांत अमावास्या जवळजवळ एका दिवसाने चुकणार. आकाश पाहून दुरुस्ती केल्यावाचून असले गणित चालणे शक्य नाही. पण त्याचा हेतू स्वच्छ आहे: केव्हा करायचे ते सांगणे. कोणाचे काय होणार हे सांगणे त्याच्या गावीही नाही.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत यवनांकडून होराशास्त्र आले. 'होरा', 'केंद्र' हे शब्दच त्याची साक्ष देतात. राशी आल्या, बारा स्थाने आली, वार आले. वारांचे आपल्याकडे इतके प्रस्थ आहे की ते अनादी वाटतात. पण आपल्या शिलालेखांत वाराचा सर्वांत जुना उल्लेख मिळतो तो एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभावर, इसवी सन ४८४ मध्ये. ज्या सोमवती अमावास्येला जेजुरीचा खंडोबा पालखीतून कऱ्हेवर स्नानाला जातो आणि सुवासिनी पिंपळाला १०८ प्रदक्षिणा घालतात, ती सोमवती वैदिक ऋषींना ठाऊक असणे शक्य नव्हते, कारण सोमवारच नव्हता. ह्यात सोमवतीचा काही कमीपणा नाही. सांगायचे इतकेच की अमावास्येचे आजचे रूप एका काळात घडलेले नाही.

ह्या नव्या शास्त्रात चंद्राची किंमत त्याच्या उजेडावरून ठरू लागली. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहज्जातकात क्षीण चंद्राला सूर्य, मंगळ व शनी ह्यांच्या पंक्तीला, म्हणजे पापग्रहांत बसवले आहे. चंद्र म्हणजे मन, चंद्र म्हणजे माता. तो सूर्याच्या तेजात बुडाला की दुबळा, आणि दुबळा चंद्र घेऊन जन्मलेले मूल दुबळे. येथे दृष्टी बदलली. वैदिक माणूस अमावास्येकडे पाहताना दोघांची भेट पाहत होता. शतपथात तर सूर्य हाच इंद्र, चंद्र हाच वृत्र, आणि अमावास्येला सूर्य त्याला गिळून नंतर पश्चिमेला बाहेर टाकतो, असेही रूपक आहे. तेथेही इंद्राचा विजयच आहे. फलज्योतिषी मात्र एका माणसाच्या जन्मवेळचा एक ग्रह पाहत होता, आणि त्याला त्या ग्रहाचा उजेड शून्य दिसत होता. गणित दोघांचे एकच: सूर्य आणि चंद्र ह्यांच्या भोगांतले अंतर शून्य अंश. त्या शून्याचा अर्थ तेवढा दोघांनी वेगवेगळा लावला.

आणि मग सिनीवालीची पाळी आली. जातकग्रंथांनी आणि शांतिग्रंथांनी अमावास्या तिथीचे भाग पाडून त्यांना सिनीवाली, दर्श आणि कुहू अशी नावे दिली आणि त्या त्या भागात जन्मलेल्या मुलांसाठी शांती सांगितल्या. ज्याच्या घरी स्त्री किंवा गाय-म्हैस सिनीवालीवर प्रसूत होईल त्याची लक्ष्मी जाईल, मग तो प्रत्यक्ष इंद्र का असेना, असे वचन तेथे आढळते. वाचकांनी क्षणभर थांबून हे ताडून पाहावे. ज्या रात्री देवांना हरवलेला इंद्र सापडला, त्याच रात्री आता इंद्राचीही लक्ष्मी जाते. गर्भाधानाच्या वेळी जो पुरोहित सिनीवालीला 'गर्भ दे' म्हणून हाक मारतो, तोच नऊ महिन्यांनी मूल सिनीवालीवर जन्मले म्हणून कलश मांडतो. दोन्ही मंत्र एकाच पोथीच्या गठ्ठ्यात असतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

हा केवळ ग्रंथांचा खेळ असता तर मी त्यावर इतका वेळ घालवला नसता. माझ्या एका आत्याची पत्रिका माझ्या संग्रही आहे. पिवळ्या पडलेल्या लांबट कागदावर तांबड्या शाईने कुंडली काढलेली आहे आणि खाली बारीक अक्षरात 'कुहूजननशांति कृता' अशी नोंद आहे. शांती झाली होती. म्हणजे शास्त्राप्रमाणे दोष गेला होता. पण ज्यांनी ती पत्रिका पुढे पाहिली त्यांनी शांतीची ओळ वाचली नाही, तिथी वाचली. तीन ठिकाणांहून पत्रिका परत आली. सत्ताविसाव्या वर्षी तिचे लग्न एका बिजवराशी झाले. ती देखणी होती, हिशेबात पक्की होती, आणि सासरचा मोडका संसार तिने सावरला असे आमच्याकडे सगळेच म्हणत. पण पहिल्या मंगळागौरीपासून शेवटपर्यंत सासूने तिला 'अवशी' म्हणूनच हाक मारली. शास्त्रकार शांती सांगून मोकळे होतात. समाज दोष तेवढा लक्षात ठेवतो.

पुन्हा इतिहासाकडे वळतो. ज्या काळात जातकग्रंथ अमावास्येला नावे ठेवत होते त्याच काळात आश्विनातली अमावास्या दिव्यांनी उजळत होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात 'यक्षरात्री' नावाच्या उत्सवाचा उल्लेख आहे. यशोधर हा टीकाकार तिला सुखरात्री म्हणतो. यक्षांचा राजा कुबेर, आणि आपण लक्ष्मीबरोबर कुबेराचेही पूजन करतो, हे लक्षात घेतले म्हणजे दुवा जुळतो. इसवी सन १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने दिवाळीचे वर्णन केले आहे. सूर्य तुळेत असतानाची अमावास्या, लक्ष्मी त्या दिवशी बळीला बंधनातून सोडते, अशी त्याची माहिती. दिवाळीच्या इतिहासाचे हे धागे पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्या दोघांनी फार परिश्रमाने गोळा करून ठेवले आहेत.

निबंधकारांपुढे मग पेच पडला. अमावास्या टाकावी असे मुहूर्तशास्त्र म्हणते आणि ह्या अमावास्येला घरोघर उत्सव. त्यांनी तो पेच भारतीय पद्धतीने सोडवला: दोन्ही ठेवले. अलक्ष्मी आणि लक्ष्मी अशा दोघी बहिणी मानल्या; मध्यरात्री स्त्रियांनी सूप आणि डमरू वाजवत थोरलीला अंगणातून हाकलावे आणि धाकटीला घरात घ्यावे. केरसुणीला हळदकुंकू वाहण्याची आपली चाल ह्याच नाट्याचा भाग आहे. ह्या निबंधकारांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री हा तर सर्वांचा आधार. १६१२ साली काशीत निर्णयसिंधू लिहिणारा कमलाकरभट्ट मूळच्या पैठणच्या घराण्यातला. त्याचे पणजोबा रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीला गेले. आणि १७९० मध्ये पंढरपुरात धर्मसिंधू रचणारे काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये तर आपल्या घरचेच. आजही पुरोहित तिथीचा वाद आला की ह्याच दोन सिंधूंत बुडी मारतात.

पंडितांच्या ह्या खटपटीकडे पाठ फिरवून खेड्यातला माणूस आपल्या अमावास्या साजऱ्या करीतच राहिला. आषाढी अमावास्येला दिव्याची अवस: घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे. तिच्या कहाणीत चोरीचा खोटा आळ उंदरांवर घालणारी सून आहे, सूड घेणारे उंदीर आहेत, आणि झाडावर बसून घरोघरच्या गोष्टी एकमेकांना सांगणारे दिवे आहेत; त्या दिव्यांच्या बोलण्यावरूनच राजाला सुनेचा खरा प्रकार कळतो आणि ती परत घरी येते. अमावास्येने एका बाईवरचा बट्टा पुसल्याची ही कहाणी माझ्या आत्याच्या सासूनेही ऐकली असेलच. श्रावणी अमावास्येला पिठोरी आणि बैलपोळा. मुलांसाठी आणि बैलांसाठी. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर, धाराशिव, सोलापूर भागात वेळ अमावास्या, म्हणजे येळवस. शेतात कोप करून पांडवांची पूजा, भज्जी आणि आंबिलीचे जेवण, आणि शिवारभर पाहुण्यांना आग्रह. ह्यांतली एकही अमावास्या रडकी नाही. तमिळनाडूत तर नव्या कामाला अमावास्या चांगली मानणारे पुष्कळ आहेत. आकाश तेच, चंद्र तोच. कावेरीकाठी जो शुभ तो कृष्णाकाठी अशुभ, ह्याचा जाब ज्योतिषाला विचारला पाहिजे.

जाब विचारणारे महाराष्ट्रात निघालेही, पण त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: अमावास्या चांगली की वाईट हे राहू द्या, ती केव्हा आहे हे तरी तुम्ही बरोबर सांगता का? कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिले, आणि त्यावरून मराठी मुलुखातली पंचांगे साडेतीनशे वर्षे निघत होती. काळाच्या ओघात गणितात फरक साचला. ग्रहण सांगितलेल्या घटकेला लागेना. आणि सूर्यग्रहण तर अमावास्येलाच लागते. तेव्हा ग्रहणाची वेळ चुकली म्हणजे अमावास्येचीच वेळ चुकली, हे सर्वांच्या देखत उघड होई. प्रो. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी ग्रहसाधनाची नवी कोष्टके केली आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग काढले. जुने ज्योतिषी 'बाणवृद्धी रसक्षय' सांगत, म्हणजे तिथी ६० घटकांपेक्षा फार तर पाच घटकांनी वाढेल आणि सहा घटकांनी घटेल. आकाश पाहणारे म्हणत, सात घटकांनी वाढते आणि दहा घटकांनी घटते. म्हणजे तिथी २० तासांची असते आणि जवळजवळ २७ तासांचीही असते. मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, ट्रेनिंग कॉलेजातले एक शिक्षक, ह्यांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहून ह्या सगळ्या वादाला पाया दिला आणि दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीच्या आत, ते वारले. लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर ह्यांनी तो वाद पुढे चालवला.

त्यातला एक मुद्दा सामान्य वाचकाने जरूर ध्यानात ठेवावा. राशीचक्राचा आरंभ रेवती तारा धरून मोजावा की चित्रा तारा धरून, ह्यावर टिळकपक्ष आणि केतकरपक्ष ह्यांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. त्यामुळे संक्रांती चार दिवस मागेपुढे होतात, अधिकमास कधी कधी वेगळा येतो, आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपती वा दिवाळी क्वचित एक महिना आधी किंवा नंतर होते. पण अमावास्या मात्र दोघांची एकच राहते! कारण ती सूर्य-चंद्रांतल्या अंतरावर ठरते, आणि आरंभबिंदू कोठलाही धरा, दोघांतले अंतर बदलत नाही. महिन्याच्या नावावरून मराठी माणसे भांडली. भेटीच्या घटकेविषयी भांडायला जागाच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगशोधन समिती नेमली गेली; तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी, 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि उज्जैनचे प्रा. रा. वि. वैद्य होते. १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. गणित आता इतके सूक्ष्म झाले आहे की अमावास्या मिनिटावर सांगता येते. तरी घोळ संपला नाही. २०२४ साली अमावास्या दोन दिवसांवर अशी पसरली की काशीकडे ३१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबरला. मुंबईत १ नोव्हेंबरला सूर्यास्तानंतर अमावास्येची काही मिनिटेच उरत होती. तेवढ्या मिनिटांना प्रदोष म्हणायचे की नाही, ह्यावर वर्तमानपत्रांत रकाने भरले. लोकांना त्यात गंमत वाटली, काहींना लाज वाटली. मला अभ्युदयेष्टीची आठवण झाली. तीन हजार वर्षांपूर्वीचा यजमानही असाच पूर्वेकडे पाहत बसला होता.

वेळेचा प्रश्न गणिताने सोडवला. फळाचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि तो गणिताने सुटणारा नाही, कारण तो गणितातून निघालेलाच नाही. पंचांगाच्या एकाच पानावर आश्विन वद्य अमावास्येसमोर 'लक्ष्मी-कुबेरपूजन' छापलेले असते आणि मागच्या पानांतल्या जननशांतीच्या यादीत पुन्हा तीच अमावास्या असते. ही दुसरी नोंद काढून टाका असे मी पंचांगकर्त्यांना म्हटले तर ते मला शास्त्राधार विचारतील. तो मी वर दिलाच आहे, आणि तो त्यांच्या शास्त्राहून जुना आहे.

आज लक्ष्मीपूजनाच्या रात्री एखाद्या प्रसूतिगृहात मुलगी जन्माला येईल. तिच्या आजीने भटजींना शांतीचे विचारण्याआधी नावाचा विचार करावा. सिनीवाली हे नाव ऋग्वेदातले आहे, कानाला गोड आहे, आणि बरेच दिवसांत कोणी ठेवलेले नाही.